वरातीचा बेंजो आणि घरातली गिटार

लग्नसराईत नांदेडच्या वजिराबादेतून किंवा लातूरच्या गंजगोलाईतून वरात निघाली की पुढे टेम्पो, टेम्पोवर जनरेटर, दोन्ही बाजूंना भोंगे आणि मधोमध मान खाली घालून बसलेला एक वादक, हे दृश्य आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले आहे. त्याच्यासमोर हात-सव्वा हात लांबीची एक लाकडी पेटी असते. पेटीवर टाइपरायटरसारखी बटणे. डाव्या हाताने बटणे दाबायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या. आणि त्या एवढ्याशा पेटीतून असा काही आवाज निघतो की नवरदेवाची घोडीसुद्धा कान टवकारते! हा आपला बेंजो. गेल्या काही वर्षांत डीजेच्या भिंतींनी त्याला बरेच मागे रेटले, ही गोष्ट खरी. पण चाळिशीच्या पुढच्या कोणत्याही मराठवाडी माणसाच्या कानात तो आवाज कायमचा बसलेला आहे.

बेंजो हे त्याचे नाव तसे उसने. अमेरिकेतल्या बॅन्जोशी त्याचे काही नाते नाही. १९१२ साली जपानमधल्या नागोया शहरात मोरिता गोरो नावाच्या गृहस्थाने ‘ताइशोगोतो’ हे वाद्य तयार केले. तेच पुढे आपल्याकडे येऊन बुलबुलतरंग झाले, कव्वालांच्या बैठकीत जाऊन बसले आणि मुंबईच्या कोळीवाड्यांपासून मराठवाड्यातल्या मिरवणुकांपर्यंत ‘बेंजो’ या नावाने रुळले. मूळ वाद्याचा आवाज नाजूक. वरातीत तो कोण ऐकणार? म्हणून खटपट्या कारागिरांनी त्याच्या तारांजवळ पिकअप बसवला, वायर बाहेर काढली आणि ती अँप्लिफायरला जोडून दिली. २०१६ साली रवी जाधव यांनी ‘बॅन्जो’ नावाचा हिंदी चित्रपट दिग्दर्शित केला, त्यात या वादकाची भूमिका रितेश देशमुखने केली. म्हणजे लातूरजवळच्या बाभळगावच्या देशमुखांच्या मुलाने! योगायोगच म्हणायचा.

आता तारेजवळ चुंबक, चुंबकाभोवती तारेचे वेटोळे, वेटोळ्यातून निघालेली वायर आणि वायरीच्या टोकाला भोंगा: इलेक्ट्रिक गिटार म्हणजे याहून वेगळे काय असते?

एवढे पाल्हाळ लावण्याचे कारण असे की, घरातल्या लेकराने ‘मला इलेक्ट्रिक गिटार शिकायची आहे’ असे म्हटले की आपल्याकडे साधारण एकाच प्रकारचे संवाद सुरू होतात. आजी म्हणते, हे कसले विलायती थेर! आई म्हणते, शेजारच्या काकू उद्या भांडायला येतील. आणि वडील काहीच बोलत नाहीत. त्यांच्या मनात अकरावी, बारावी, ‘नीट’ आणि क्लासची फी यांचा हिशेब चाललेला असतो, आणि खरी अडचण असते ती तिथेच. तिच्याकडे आपण नंतर येऊ. आधी आजीशी बोलू, कारण तिची समजूत काढणे सर्वात सोपे आहे.

आडवी गिटार, उभी गिटार

ज्यांनी साठी ओलांडली आहे त्यांना ‘इलेक्ट्रिक गिटार’ हा शब्द मुळीच नवा नाही. रेडिओवर चित्रपटगीतांच्या धून लागत आणि त्यांत हजारा सिंग, व्हॅन शिप्ले, सुनील गांगुली ही नावे कानावर पडत. त्यांच्या तबकड्यांवर ‘इलेक्ट्रिक गिटार’ असे छापलेलेच असे. फक्त ती गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून धातूची कांडी घसरवत वाजवायची असे. पद्धत हवाई बेटांवरची. आपल्याकडे ती आधी कोलकात्यात रुजली, आणि कांडी तारेवरून सरकते तेव्हा स्वरही अखंड सरकतो, त्यामुळे आपल्या गायकीला ती चटकन मानवली. ब्रिजभूषण काबरा यांनी याच आडव्या गिटारीवर राग वाजवले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह त्यांची १९६७ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी अनेकांच्या संग्रहात असेल.

गंमत अशी की, बाजारात यशस्वी ठरलेली पहिली विजेची गिटारसुद्धा अशी आडवीच होती. १९३० च्या आसपास अमेरिकेत नाचगाण्यांच्या बँडमध्ये तुताऱ्या आणि ढोल यांच्यापुढे बिचाऱ्या गिटारीचा आवाज ऐकूच येत नसे. लॉस एंजलिसच्या जॉर्ज बीचम या वादकाने तारांभोवती चुंबक बसवण्याची युक्ती काढली आणि १९३२ मध्ये रिकेनबॅकर यांच्या कारखान्यातून ते वाद्य विक्रीला आले. आकार लांब दांड्याच्या तव्यासारखा, म्हणून लोकांनी नावही तसेच ठेवले: ‘फ्राइंग पॅन’. आज दिसते ती छातीशी धरायची, भरीव लाकडाची गिटार मोठ्या प्रमाणावर बनवून बाजारात आणली लिओ फेंडर यांनी १९५० मध्ये. हे गृहस्थ मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! तरीही १९५४ मध्ये त्यांनी काढलेल्या ‘स्ट्रॅटोकास्टर’च्या आकाराची नक्कल आजही जगभरच्या कारखान्यांतून निघते, आणि आपल्या मुलाच्या हातात येणारी पहिली गिटार बहुधा त्याच घाटाची असेल.

राहिला प्रश्न ‘थेरां’चा. अमेरिकेत सिस्टर रोझेटा थार्प नावाची एक बाई होऊन गेली. १९३८ पासून तिच्या तबकड्या निघाल्या. विजेची गिटार गळ्यात अडकवून ती काय गात असे? देवाची गाणी! ज्या वादनातून पुढे रॉक अँड रोल घडले, ते वादन तिच्या भजनांत आधी ऐकू येते. नांदेडकरांना तार आणि भक्ती यांचे नाते वेगळे सांगायला नको. गुरू नानकांबरोबर भाई मर्दाना रबाब घेऊन फिरले, त्या परंपरेतले कीर्तन इथे सचखंड हुजूर साहिबमध्ये घडते. तिकडे माहूरच्या रेणुकेचा गोंधळ तुणतुण्याच्या एका तारेवर उभा राहतो. तार एक असो की सहा, आजीला ती परकी वाटण्याचे कारण नाही.

चित्रपटांतून तर ती घरोघर केव्हाच शिरली आहे. ‘हरे रामा हरे कृष्णा’ (१९७१) मधल्या ‘दम मारो दम’ची गिटार वाजवली होती भूपिंदर सिंग यांनी, म्हणजे आपण ज्यांना गझलगायक म्हणून ओळखतो त्यांनीच. ‘कर्ज’ (१९८०) मधली ती अंगावर काटा आणणारी गिटारीची धून गोरख शर्मा यांची. ते लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलाल यांचे धाकटे भाऊ.

सायकलच्या डायनमोचे भावंड

आता वाद्याच्या पोटात काय आहे ते पाहू, कारण ते कळले की शेजारच्या काकूंचाही प्रश्न सुटतो.

साध्या गिटारीचे पोट पोकळ असते. तार थरथरली की वरची पातळ फळी थरथरते, पोटातली हवा हलते आणि आवाज मोठा होतो. विजेच्या गिटारीचे पोट बहुधा भरीव. तारांच्या खाली छोटी चुंबके आणि त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. यालाच पिकअप म्हणतात. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत अगदी क्षीण वीज निर्माण होते. सायकलच्या चाकाला घासणारा डायनमो आठवा, तत्त्व तेच. मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवून दिलेले. ती क्षीण वीज अँप्लिफायर मोठी करतो आणि स्पीकर तिचा पुन्हा आवाज करतो. नायलॉनची तार लावली तर हा पिकअप मुकाच राहील, कारण चुंबकाला नायलॉनचे काय सोयरसुतक?

लातूरच्या ट्युशन एरियात दरवर्षी हजारो मुले विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा धडा घोकतात. गुणांसाठी का होईना, फॅरडेचा नियम त्यांना झोपेतसुद्धा म्हणता येतो. पण तो कानाने ऐकता येतो हे त्यांतल्या कितीजणांना ठाऊक असेल?

असो. यातून निघणारी व्यवहाराची गोष्ट अशी: पोट भरीव असल्यामुळे वायर न जोडलेली इलेक्ट्रिक गिटार ही जवळजवळ मुकी असते. वाजवणाऱ्याला ऐकू येते, पलीकडच्या खोलीत अभ्यास करणाऱ्याला येत नाही. वायर जोडायचीच असेल तर हेडफोनवर चालणारे काडेपेटीएवढे अँप मिळतात. पेटी, तबला, साधी गिटार, यांतले एकही वाद्य रात्री दहा वाजता कुणाची झोप न मोडता वाजवता येत नाही. जिची सर्वांना भीती, तीच घरातली सर्वात शांत! शिवाय लाईट गेली तरी सराव थांबत नाही, आणि आपल्याकडे हा फायदा क्षुल्लक नव्हे.

इथेच एक गैरसमज दूर करायला हवा. ‘आधी साधी गिटार शिक, हात बसला की मग विजेची घेऊ,’ असा सल्ला नातेवाईकांपासून दुकानदारापर्यंत सगळे देतात. मला तो मुळीच पटत नाही. साध्या गिटारीची सर्वात बारीक तार साधारण ०.३० मिलिमीटर जाडीची, विजेच्या गिटारीची ०.२३ ते ०.२५. तारा दांडीच्या जवळ, दांडी सडपातळ. म्हणजे कोवळ्या बोटांना दाबायला ही अधिक सोपी. ज्याला चित्रपटगीते गात स्वतःला साथ करायची आहे त्याने खुशाल साधी घ्यावी. पण ज्याच्या मनात विजेचा आवाज भरला आहे त्याला वर्षभर दुसऱ्याच वाद्यावर झिजवणे म्हणजे सायकल शिकण्याआधी बैलगाडी हाकायला लावण्यासारखे आहे. शिकण्याचे पहिले इंधन म्हणजे आवडीचा आवाज. तोच काढून घेतला तर उरते काय?

खरेदी आणि अर्थिंग

खर्चाचे बोलायचे तर आज गिटार आणि छोटा अँप मिळून पंधरा-वीस हजारांची तयारी ठेवावी. जुनी मिळाली तर याहून कमी. वसतिगृह सोडून नोकरीला निघालेली मुले पुष्कळदा गिटार विकून जातात, तिकडे लक्ष ठेवावे. हैदराबादला किंवा पुण्याला कामानिमित्त जाणे होतच असेल तर मोठ्या दुकानात जाऊन हातात धरून पाहणे चांगले. घरबसल्या मागवली तर आल्या दिवशीच नीट तपासावी. दांडी बंदुकीसारखी डोळ्याशी धरून पाहावी, वाकडी असेल तर लगेच दिसते. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर, म्हणजे गिटारवाल्यांच्या भाषेत फ्रेटवर, दाबून वाजवावी. कुठे खरखरते का, कुठे मुकी पडते का, ऐकावे. वायर खोचून जरा हलवावी. करकर झाली तर खोबणीत दोष आहे. रंग आणि चकचकाट सर्वात शेवटी. दुर्दैवाने मुले नेमकी तिथूनच सुरुवात करतात!

यापुढची सूचना मात्र पालकांनी कात्रण करून ठेवावी. इलेक्ट्रिक गिटारीच्या तारा घोडीमार्फत अँपच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. तारांना हात लावला की घुंईऽऽ असा येणारा आवाज कमी होतो, त्याचे कारण तेच. पण घरातले अर्थिंगच नावापुरते असेल, किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या बोर्डात कसाबसा बसवला असेल, तर त्याच तारा जीवघेण्या ठरू शकतात. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सी शहरात ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस हार्वे भर रंगमंचावर विजेच्या धक्क्याने गेला. मायक्रोफोनला अर्थिंग नव्हते आणि त्याने त्याला हात लावला, एवढेच निमित्त. गणपतीच्या मंडपात, गॅदरिंगच्या स्टेजवर, आकडे टाकलेल्या विजेवर आपली मुले उभी राहतात तेव्हा ही गोष्ट लक्षात असावी. घरी अँप घेण्याआधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे. त्याला लागणारे पैसे गिटारीच्या किमतीतच धरावेत. बॅटरीवर चालणारा हेडफोनचा अँप असेल तर ही चिंता उरत नाही.

पेटीवाल्या आजोबांची मदत

शिकण्याची सुरुवात तारा जुळवण्यापासून. मोबाईलवर त्यासाठी सोय आहे, पण ज्या घरात भजनाची पेटी आहे तिथे आजोबांनाच बोलवावे. सर्वात जाड तार पांढरी तीन. त्यानंतर पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि सर्वात बारीक तार पुन्हा पांढरी तीन, दोन सप्तके वरची. पेटी सुरात असेल तर गिटार पाच मिनिटांत लागते, आणि आजोबांनाही या ‘थेरां’त आपला हात आहे असे वाटू लागते!

मग एकाच तारेवर सरगम बसवावी. मोकळी तार सा. दुसऱ्या पडद्यावर रे, चौथ्यावर ग, पाचव्यावर म, सातव्यावर प, नवव्यावर ध, अकराव्यावर नी आणि बाराव्यावर वरचा सा. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो. तार निम्मी केली की स्वर दुप्पट उंच, हेही अकरावीच्या पुस्तकात आहेच. मधले पडदे कोमल-तीव्र स्वरांचे. एवढ्या भांडवलावर गणपतीच्या आरतीची चाल एका संध्याकाळी निघते. इंग्रजी पुस्तकांतले पहिले धडे अनोळखी विलायती बालगीतांचे असतात, त्यामुळे आपल्या मुलांना चुकले की बरोबर हे कानाने कळत नाही. ओळखीची चाल घेतली की चूक लगेच बोचते.

बोटे दुखतात. पहिल्या आठवड्यात फार दुखतात. खुरप्याने हाताला घट्टे पडतात तसे डाव्या हाताच्या चार बोटांच्या टोकांना पडायला हवेत, त्याला दोन-तीन आठवडे जातात. तोवर एका बैठकीत पंधरा-वीस मिनिटे पुरेत, पण रोज. रविवारी तीन तास आणि मग सहा दिवस विश्रांती, हा प्रकार कामाचा नाही. सुट्टी मोठी झाली की घट्टे मऊ पडतात आणि पुन्हा पहिल्यापासून दुखणे आले.

आपल्या कानाला खरे अवघड जाते ते कॉर्डचे प्रकरण. आपले संगीत एका वेळी एका स्वराचे; गिटार तीन-चार स्वर एकत्र वाजवायला सांगते. सुरुवात ई मायनरने करावी, दोनच बोटे लागतात. मग ए मायनर, जी, सी, डी. एकेक कॉर्ड धरणे जमते. एका कॉर्डवरून दुसऱ्यावर ताल न चुकता जाणे जमत नाही. त्याला उपाय एकच: गाणे बाजूला ठेवून फक्त ती अदलाबदल करत राहणे, आधी अगदी सावकाश. मोबाईलवर तबल्याचा कहरवा लावावा आणि दर समेला कॉर्ड बदलावा. मेट्रोनोमच्या टिकटिकीपेक्षा आपल्या मुलांना ठेका लवकर समजतो. पुढे एफ नावाचा कॉर्ड येतो, त्यात पहिल्या बोटाने सगळ्या तारा एकदम दाबायच्या असतात. या घाटात पुष्कळांच्या गाड्या बंद पडतात. विजेच्या गिटारीच्या बारीक तारा इथेही थोडी दया दाखवतात.

पण या वाद्याचा जो खास कॉर्ड, ज्यावर रॉक संगीताचा निम्मा डोलारा उभा आहे, तो आपल्याला चांगलाच ओळखीचा आहे. त्याला ‘पॉवर कॉर्ड’ म्हणतात. काय असते त्यात? फक्त सा आणि प! ज्या जोडीवर तंबोरा लावून आपण गायला बसतो, तीच जोडी तिकडे भरमसाट आवाजात, फाटक्या स्पीकरमधून वाजते. फाटक्या हा शब्द चेष्टेने म्हणत नाही. लिंक रे या वादकाने हवा तसा खरखरीत आवाज मिळावा म्हणून स्पीकरच्या कागदाला भोके पाडली आणि १९५८ मध्ये ‘रंबल’ ही धून काढली. १९६४ मध्ये ‘द किंक्स’च्या डेव्ह डेव्हिस याने स्पीकरचा कागद पात्याने चिरला. पुढे त्याच आवाजासाठी पायाने दाबायच्या डब्या निघाल्या. आमच्याकडे वरातीत भोंगा फाटला की लोक ओरडतात, तिकडे त्याचे पैसे मोजतात.

आणि बेंजोला, पेटीला जे कधीच जमत नाही ते या वाद्याला जमते, ते म्हणजे मींड. बटण दाबले की बेंजोचा स्वर ठरला. तो हलत नाही. गिटारीची बारीक तार दाबून बोटाने बाजूला ओढली की स्वर वर चढतो, अगदी सतारीसारखा. यालाच ते ‘बेंड’ म्हणतात. रॉकच्या नवशिक्याला वादनासाठी पहिली स्वरपंक्ती शिकवतात ती पाच स्वरांची: सा, कोमल ग, म, प, कोमल नी. जाणकार लगेच म्हणतील, अहो, हे तर धानी रागाचे स्वर! बरोबर आहे. कुठे ओढायचे, किती ओढायचे आणि स्वरावर नेमके कुठे थांबायचे, हे ज्याच्या कानावर लहानपणापासून अभंग, कव्वाली, शबद-कीर्तन पडले आहे त्याला सांगावे लागत नाही. त्याच्या बोटांना मात्र सांगावे लागते, आणि त्याला महिने लागतात.

शिक्षकांचे म्हणाल तर छोट्या शहरांत बहुधा एकच सर कीबोर्ड, पेटी आणि गिटार तिन्ही शिकवतात. त्यात कमीपणा नाही. निदान पहिले तीन महिने समोर माणूस हवा. कारण मनगट वाकडे पडते, अंगठा चुकीच्या जागी जातो, हे मोबाईलवरचा गुरू सांगत नाही, तो फक्त दाखवतो. त्यापुढे मोबाईलवर विद्येचा महासागर आहे. त्यात पोहण्यापेक्षा बुडणारेच जास्त. आज हा धडा, उद्या तो, आणि महिन्याच्या शेवटी एकही गाणे पूर्ण येत नाही. एक गाणे संपल्याशिवाय दुसरे नाही, हा नियम घरातल्या कुणीतरी लावून द्यावा.

अकरावी-बारावीची दोन वर्षे

आता वडिलांकडे. १९८८च्या ‘कयामत से कयामत तक’ मध्ये कॉलेजच्या निरोपसमारंभात आमिर खान हातात गिटार घेऊन गातो ते गाणे, मुलांनी मोठे होऊन काय करावे याविषयी बापाच्या अपेक्षांवरच होते. ते गाणे आपल्या गावोगावच्या गॅदरिंगमध्ये वर्षानुवर्षे वाजले. ज्या पोरांनी तेव्हा हातात झाडू धरून त्यावर गिटारीचा अभिनय केला, ती आज बाप झाली आहेत आणि लातूरला खोली भाड्याने घेऊन मुलीला किंवा मुलाला ‘नीट’ साठी ठेवत आहेत. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांच्या नावाने गाजलेला ‘लातूर पॅटर्न’ ही मराठवाड्याच्या कोरडवाहू घरांसाठी साधी गोष्ट नव्हती. ज्यांच्याकडे पाणी नाही, उद्योग नाहीत, त्यांच्या मुलांना पुढे जायला एवढीच एक वाट दिसली आणि तिने खरोखर अनेक घरे वर काढली. तेव्हा ‘गुणांच्या मागे लागू नका’ असे उंटावरून सांगण्याचा अधिकार मला तरी नाही. नांदेडच्या क्लासच्या गल्ल्यांतही हेच चित्र आहे.

गिटारीने बुद्धी तल्लख होते, गुण वाढतात, असेही मी ठोकून देणार नाही. गिटार वेळ खाते. ज्याला रोज वीस मिनिटे बाजूला काढणे शक्य नाही त्याने दोन वर्षे थांबावे, त्यात काही बिघडत नाही. विशीत आणि चाळिशीतही शिकता येते.

पण एक गोष्ट पालकांनी डोळ्यांनी पाहावी. तीन मुले, तीन कॉट, भिंतीवर सूत्रे चिकटवलेली, दिवसाचे बारा-चौदा तास क्लास आणि अभ्यास, मेसचा डबा, आणि आठवड्याच्या चाचणीचा निकाल पालकांच्या मोबाईलवर. अशा खोलीतल्या लेकराला जे काही म्हणून विरंगुळ्याचे मिळते ते हातातल्या त्याच मोबाईलवर. रात्री अर्धा तास रील बघणे कुणी मोजत नाही. वीस मिनिटे तार छेडली तर मात्र फोन येतो, ‘लेकरा, हे टिंगटिंग परीक्षा झाल्यावर कर की!’ वायर न लावलेली गिटार त्या खोलीत रूम पार्टनरलाही त्रास देत नाही, घरमालकाच्या कानावरही जात नाही. चाचणीत गुण कमी आले म्हणून गिटार जप्त करायची, ही शिक्षा अनेक घरांत होते. मला विचाराल तर ती शिक्षा चुकीच्या वस्तूला आहे. त्या लेकराच्या दिवसात गुणपत्रिकेवर न येणारी अशी ही एकच गोष्ट असेल, तर ती काढून घेण्याआधी आई-बापांनी दोनदा विचार करावा. नियम घालावा, वेळ ठरवावी, परीक्षेच्या महिन्यात ती गावी आणून ठेवावी. पण ती परत मिळेल हा शब्द द्यावा आणि तो पाळावा.

कूलर, ऊन आणि पहिली तार

जाता जाता आपल्या हवेविषयी. नांदेड-लातूरचा उन्हाळा बेचाळीस अंशांच्या वर जातो आणि हवा कोरडी ठक्क असते. दांडीचे लाकूड आक्रसते आणि पडद्यांची टोके बाजूने बाहेर येऊन बोटांना टोचू लागतात. साध्या गिटारीची पातळ फळी अशा हवेत तडकू शकते. विजेची भरीव गिटार बरीच तग धरते, हा तिचा आणखी एक गुण. पत्र्याच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवू नये, पिशवीत घालून कॉटखाली सरकवावी. कूलरच्या झोतात तर मुळीच नको. ती ओली हवा आणि बोटांचा घाम मिळून तारांना महिन्याभरात गंज चढवतात. वाजवून झाले की कोरड्या सुती फडक्याने प्रत्येक तार पुसावी. जुन्या धोतराचा तुकडा उत्तम. पावसाळा लागला की लाकूड पुन्हा फुगते, दांडी किंचित वाकते, तारा वर उचलल्यासारख्या वाटतात. दांडीच्या आत लोखंडी सळई असते, ती किल्लीने थोडी फिरवून दांडी सरळ करता येते. पण हे काम सरांकडूनच करून घ्यावे, पाव फेऱ्याच्या वर एका वेळी फिरवू नये.

तारांचा पूर्ण संच रोज लागत नाही, दोन-तीन महिन्यांनी बदलला तरी चालतो. तुटते ती नेहमी पहिली, सर्वात बारीक तार, आणि ती नेमकी गॅदरिंगच्या आदल्या संध्याकाळी तुटते. सुटी पहिली तार कुठे मिळाली तर एकदम चार घेऊन ठेवाव्यात.